सहलीच्या पत्रकातला जपान आणि स्टेशनाबाहेरचा जपान

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मार्च-एप्रिलमधल्या जपान सहलींच्या जाहिराती सध्या वर्तमानपत्रांतून रोज दिसतात. चित्र बहुधा एकच असते. पुढे गर्द गुलाबी फुलांची फांदी, मागे बर्फाची टोपी घातलेला फुजी, मधून सुसाट जाणारी बुलेट ट्रेन. या तिन्ही गोष्टी जपानमध्ये आहेत, पण छापलेल्या तारखेला त्या एका चौकटीत सापडणे दुर्मीळ. आम्ही काही जण जपानी भाषा शिकवतो, काही जण छोट्या गटांच्या सहली आखतो. परतलेल्या प्रवाशांची नाराजी ऐकली की लक्षात येते, ती इथे पत्रक वाचतानाच पेरली गेलेली असते. जपान आपल्या कल्पनेपेक्षा वेगळा निघतो, आणि ते वेगळेपण पाहण्यातच तिकिटाचे पैसे वसूल होतात. मात्र काही गोष्टी आधी ठाऊक नसतील तर सगळी सहल त्या वेगळेपणाशी झगडण्यात जाते. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

आधी फुलांबद्दल. जपानमध्ये सर्वत्र दिसणारी साकुरा म्हणजे बहुतांशी ‘सोमेइ-योशिनो’ ही एकच जात. तिचे प्रत्येक झाड कलम करून लावलेले असते, त्यामुळे सगळी झाडे एकाच वाणाची, एकाच रक्ताची. म्हणूनच एका शहरातली झाडे एकदम फुलतात आणि एकदम झडतात. आपल्याकडच्या बहाव्यासारखे इथे एक आज, तिथे एक पंधरा दिवसांनी, असे होत नाही. रंगही जाहिरातीतला नसतो. कळी गुलाबी असते, उमललेले फूल जवळजवळ पांढरे. उन्हात उभे राहून वर पाहिले तर कापूस पिंजल्यासारखे दिसते, आणि देठाजवळ तेवढी गुलाबी छटा.

टोकियोतला बहर जाहीर होतो तो यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावरून. हवामान खात्याचा माणूस तिथे जातो, पाच-सहा फुले उमललेली मोजतो आणि बहर सुरू झाल्याचे सांगतो. 80 टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. सुरुवातीपासून पूर्ण बहरापर्यंत साधारण आठवडा, पुढे झडायला आणखी आठवडा. मध्ये जोराचा पाऊस किंवा वारा आला तर तेवढेही नाही. ही तारीख हिवाळ्यातल्या थंडीवर आणि मार्चमधल्या उबेवर ठरते. 2023 मध्ये टोकियोत 14 मार्चला बहर जाहीर झाला, 2024 मध्ये 29 मार्चला आणि 2025 मध्ये 24 मार्चला. म्हणजे 2023 मध्ये 28 मार्चला पोचलेल्यांना झाडाखाली पाकळ्यांचा सडा दिसला, तर 2024 मध्ये 27 मार्चला परतीचे विमान धरणाऱ्यांना नुसत्या कळ्या. दोन्ही गटांच्या हातातले पत्रक मात्र सारखेच असणार.

यावर उपाय आहे, तो म्हणजे सगळी मदार टोकियो-क्योटोच्या एकाच जातीवर न ठेवणे. नारा प्रांतातल्या योशिनो डोंगरावर मुख्यतः रानटी साकुरा आहे. तिथे बहर पायथ्याकडून माथ्याकडे चढत जातो, त्यामुळे खाली झडला असला तरी वर मिळतो. ओसाकाच्या सरकारी टांकसाळीच्या आवारात उशिरा फुलणाऱ्या, भरगच्च पाकळ्यांच्या जाती आहेत. एप्रिलमध्ये साधारण आठवडाभर ते आवार लोकांसाठी उघडतात. जाहिरातीतला गर्द गुलाबी रंग पाहायचा असेल तर तो तिथे. टोकियोच्या शिंजुकु ग्योएन बागेत लवकर आणि उशिरा फुलणाऱ्या दोन्ही जाती आहेत. एप्रिलच्या शेवटी जाणाऱ्यांनी उत्तरेला आओमोरीतले हिरोसाकी गाठावे. सहल विकणाऱ्याने ‘टोकियोत फूल नसेल तर आम्ही कुठे नेऊ’ हे पत्रकात लिहिलेले नसेल, तर ते पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

फुजीचेही तेच. 3,776 मीटर उंचीचा हा डोंगर डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळच्या वेळी सर्वांत स्पष्ट दिसतो. वसंतात हवा धूसर होते, उन्हाळ्यात तर तो दिवसच्या दिवस ढगात असतो आणि माथ्यावर बर्फही नसतो, तेव्हा तपकिरी दिसतो. 2024 मध्ये माथ्यावरचे पहिले बर्फ जवळच्या कोफू शहरातल्या वेधशाळेला थेट 7 नोव्हेंबरला दिसले, इतका उशीर नोंदी सुरू झाल्यापासून कधीच झाला नव्हता. बहुतेक सहलींत ‘फुजी पाचवा थांबा’ असतो. हा थांबा डोंगराच्याच अंगावर, सुमारे 2,300 मीटरवर आहे. तिथे उभे राहून फुजीचा तो प्रसिद्ध आकार दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरच उभे असतो. ढग असतील तर शेजारचा माणूसही दिसत नाही. आकार पाहायचा असेल तर कावागुचिको तळ्याकाठी एक रात्र मुक्काम करावा आणि सूर्योदयाला बाहेर पडावे. बुलेट ट्रेनमधून पाहायचा तर टोकियोहून क्योटोकडे जाताना उजव्या खिडकीची, म्हणजे साध्या डब्यात ‘ई’ अक्षराची जागा मागावी. गाडी सुटल्यावर साधारण पाऊण तासाने डोंगर येतो आणि मोजक्या मिनिटांत मागे पडतो.

आता जेवण. मराठी शाकाहारी कुटुंबांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. बौद्ध देश म्हणजे शाकाहाराची सोय असणारच, असे धरून लोक निघतात. इतिहास वेगळा आहे. सम्राट तेन्मूने इ. स. 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली. मासा त्या यादीत नव्हताच. पुढे 1872 मध्ये मेइजी सम्राटाने जाहीरपणे मांस खाल्ले आणि ती जुनी बंधनेही सैल झाली. त्यामुळे जपानी बोलीत ‘निकु’ म्हणजे मांस, आणि मासा ‘निकु’मध्ये मोजत नाहीत. ‘निकु नको’ असे सांगितल्यावर वाढपी मनापासून मान डोलावतो आणि मासळीच्या पाण्यात शिजलेली भाजी आणून ठेवतो. त्यात त्याची लबाडी नसते.

खरे घोडे पेंड खाते ते ‘दाशी’पाशी. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचे मूळ पाणी. आपल्याकडे फोडणी असते तशी तिथे दाशी. बोनिटो नावाचा मासा उकडून, धूर देऊन, महिनोन्महिने सुकवून लाकडासारखा कडक करतात. मग सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने त्याच्या पातळ चुया काढतात. या चुया म्हणजे कात्सुओबुशी. कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या पाण्यात त्या क्षणभर टाकून गाळतात, की दाशी तयार. हे पाणी मिसो सूपमध्ये असते, उदोन आणि सोबा नूडल्सच्या रश्श्यात असते, थंड सोबाबरोबरच्या वाटीत असते, तेम्पुरा म्हणजे जपानी भजी बुडवायच्या पाण्यात असते, गोडसर अंड्याच्या गुंडाळीत असते आणि उकडलेल्या पालकावरही असते. मासा डोळ्यांना कुठेच दिसत नाही. थंड टोफूवर मात्र त्या चुया भुरभुरून येतात. गरम पदार्थावर घातल्या तर वाफेने वळवळतात आणि पाहणारा दचकतो.

पाकिटावरच्या यादीवर विसंबून चालत नाही. जपानमध्ये अंडे, दूध, गहू, सोबाचे धान्य, भुईमूग, अक्रोड, कोळंबी आणि खेकडा यांची नोंद ॲलर्जीसाठी सक्तीची आहे. मासळीचा अर्क त्या सक्तीत येत नाही. करीच्या तयार वड्यांत बहुधा गाय किंवा डुकराची चरबी असते, त्यामुळे ‘भाजीची करी’ असे लिहिलेली थाळीही बहुधा शाकाहारी नसते. पावात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतो, जेलीत जिलेटिन असते. कोम्बिनी म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानांतला भाताचा त्रिकोण उमे या आंबट फळाचा घेतला तरी वेष्टण फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहावे, कारण उमेतही बोनिटो मिसळतात.

मग खायचे काय? साधा भात, मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा म्हणजे एदामामे, काकडीची सुशी, चुया न घातलेला थंड टोफू, मिठाबरोबर भाज्यांचा तेम्पुरा (पिठात अंडे असते आणि तेल सगळ्यांना एकच, हे चालत असेल तर), भाजलेली रताळी, फळे, आणि गोडात दाइफुकु, म्हणजे तांदळाच्या चिवट पारीत लाल चवळीसारख्या दाण्यांचे पुरण. यावर दुपार निभते. रात्री भारतीय जेवण घ्यावे. दोन्ही वेळा भारतीय जेवणाचा आग्रह धरणाऱ्या सहलींबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. देवळे चार-साडेचार-पाचला बंद होतात, आणि दुपारच्या पंजाबी थाळीसाठी गाडी वळवून जो दीड तास जातो तो क्योटोच्या एका पूर्ण देवळाइतका असतो.

ज्यांना काटेकोर शाकाहार हवा त्यांच्यासाठी जपानमध्ये खरोखर उत्तम जागा आहे, आणि ती बहुतेक पत्रकांत नसते. वाकायामा प्रांतातले कोयासान. नवव्या शतकात भिक्षू कुकाइ यांनी वसवलेल्या या डोंगरावरच्या पन्नासेक मठांत पाहुण्यांना राहता येते. तिथले जेवण म्हणजे ‘शोजिन र्‍योरी’. मांस-मासळी नाहीच, कांदा-लसूणही नाही, आणि दाशी कोम्बू व शिताके अळंबीची. तिळाचा टोफू आणि डोंगराच्याच नावाचा गोठवून सुकवलेला कोया-टोफू चुकवू नये. जैन वाचकांसाठी एवढेच, की मुळा, गाजर, बटाटा, कमळकाकडी यांचा वापर भरपूर असतो, तेव्हा नोंदणी करतानाच ते कळवावे. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनावरून नानकाइ कंपनीची गाडी, पुढे केबल कार, पुढे बस. सुमारे दोन-अडीच तास धरावेत. रात्रीचे जेवण सहाच्या सुमारास असते, त्याच्या आधी पोचावे लागते. उशिरा आलेल्याला स्वयंपाकघर पुन्हा उघडून देत नाहीत. जमिनीवर बसावे लागते, स्नानघर सामायिक असते आणि मार्चअखेरीसही रात्री कडाक्याची थंडी पडते. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. 2015 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक सहली तिथे जात नाहीत, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते.

खिचडीचे सामान घेऊन जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जपानमधली वीज 100 व्होल्टची आहे, आपली 230 ची. प्लग अमेरिकेसारखा दोन चपट्या पट्ट्यांचा. फोनचे आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, त्यांना नुसता प्लग बदलणारा जोड पुरतो. पण भारतात घेतलेली विजेची किटली किंवा छोटा कुकर तिथे लावला तर तो बिघडल्यासारखा वाटतो. बिघडलेला नसतो. तापणाऱ्या तारेची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 1,000 वॉटचा कुकर तिथे 190 वॉटच्या आसपासच काम करतो. पाणी कोमट होते, तांदूळ फुगतात पण शिजत नाहीत. आणि जपानमधून आणलेला भात शिजवायचा कुकर पुण्यात थेट लावला तर तो जळतो. गरम पाण्याची किटली हॉटेलच्या खोलीत असतेच, तेव्हा गरम पाणी ओतून होणारे उपमा-पोह्यांचे पुडे नेणे शहाणपणाचे. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचे कोणतेही पदार्थ बॅगेत ठेवू नयेत. विमानतळावर काढून घेतले जातात.

जपान म्हणजे उद्या उजाडणारे तंत्रज्ञान, ही दुसरी पक्की कल्पना. रोबो आहेत. पण सरकारदरबारी फ्लॉपी डिस्क मागणारे नियम 2024 च्या मध्यापर्यंत शिल्लक होते, अनेक कचेऱ्यांत फॅक्स चालू आहे, आणि घर किंवा बँकेच्या व्यवहारात सहीऐवजी ‘हांको’ हा नावाचा शिक्का अजून बऱ्याचदा लागतो. रोख पैसाही भक्कम टिकून आहे. यूपीआयची सवय झालेला आपला माणूस तिथे पहिल्याच दिवशी गोंधळतो. मोठी दुकाने आणि हॉटेले कार्ड घेतात. छोटी खानावळ, देवळाचे प्रवेशतिकीट, गावातली बस यांना नोटा आणि नाणी लागतात. परदेशी कार्डावर पैसे काढायला सेव्हन-इलेव्हन दुकानातली किंवा टपाल कार्यालयातली यंत्रे भरवशाची. 3 जुलै 2024 पासून 1,000, 5,000 आणि 10,000 येनच्या नव्या नोटा आल्या आहेत. रामेन नूडल्सच्या लहान दुकानांत दाराशी जेवणाचे तिकीट देणारे यंत्र असते. त्यातली जुनी यंत्रे नवी नोट बाहेर फेकतात. अशा वेळी यंत्राशी झटापट न करता आतल्या माणसाला नोट दाखवावी, तो सुटे करून देतो. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे असतात. टीप ठेवू नये. ठेवली तर विसरली असे समजून वाढपी मागे धावत येतो.

क्योटोच्या सिटी बसमध्ये आपल्या लोकांची सर्वाधिक फजिती होते, म्हणून ते नीट सांगतो. चढायचे मागच्या दाराने, उतरायचे पुढच्या, आणि पैसे उतरताना. शहराच्या मधल्या भागात कितीही लांब गेले तरी एकच भाडे, 230 येन. चालकाशेजारच्या पेटीत दोन तोंडे असतात. एकात नाणे किंवा 1,000 ची नोट घातली की सुटी नाणी खाली पडतात. त्यातून काही भाडे कापलेले नसते. दुसऱ्या तोंडात मोजून 230 येन टाकायचे. गडबडीत 500 चे नाणे भाड्याच्या तोंडात गेले की ते गेले, पेटी सुटे परत देत नाही. 5,000 आणि 10,000 च्या नोटा ती घेतच नाही. मागे वीस जण खोळंबलेले असतात आणि कोणी काही बोलत नाही, त्याने माणूस आणखीच घामाघूम होतो. सुइका किंवा इकोका हे प्रवासी कार्ड असेल तर नुसते टेकवून उतरता येते. हे कार्ड यंत्रावर भरताना बहुतेक ठिकाणी रोखच लागते. ते कार्ड टोकियोत चालते, ओसाकातही चालते, पण टोकियोत टेकवून आत शिरले आणि थेट ओसाकात बाहेर पडले, असे चालत नाही. बुलेट ट्रेनचे तिकीट वेगळे.

बुलेट ट्रेनच्या पासबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे. सात दिवसांचा पास पूर्वी 29,650 येनला मिळत असे. ऑक्टोबर 2023 पासून तो 50,000 झाला. टोकियो-क्योटो एका बाजूचे तिकीट सुमारे 14,000 येन. तेव्हा टोकियो, क्योटो, ओसाका एवढेच फिरणाऱ्याने पास घेतला तर तोटाच, शिवाय ‘नोझोमी’ या सर्वांत जलद गाडीला पासावर वेगळी रक्कम भरावी लागते. विमानाने टोकियोत उतरून परतीचे विमान ओसाकाच्या कान्साइ विमानतळावरून घेतले तर परतीची ट्रेनच वाचते.

सामानाचे काय? लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग टोकियो-ओसाका मार्गावर न्यायची असेल तर डब्याच्या शेवटच्या रांगेतली ठरावीक जागा आधी राखून ठेवावी लागते. त्याचे जादा पैसे नाहीत; न राखता नेली तर 1,000 येन भरावे लागतात. आपल्या 28-30 इंची बॅगा नेमक्या या हद्दीवर येतात, म्हणून घरीच टेप लावून मोजावे. गाडी क्योटोला फार तर दोन मिनिटे थांबते आणि कोणासाठी खोळंबत नाही. चाळीस जणांचा गट चाळीस बॅगांसह त्या वेळात उतरू शकत नाही. जपानी माणूस स्वतः अशा वेळी बॅग कुरिअरने पाठवतो. हॉटेलच्या काउंटरवर सकाळी चिठ्ठी भरून दिली की टोकियोतली बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात पोचते. मापानुसार बॅगेमागे दोन ते साडेतीन हजार येन पडतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधे पाठीवरच्या पिशवीत ठेवावीत. सहलीच्या खर्चात ही रक्कम धरली तर ज्येष्ठांचे अर्धे हाल वाचतील, असे आमचे ठाम मत आहे.

ज्येष्ठांबद्दल आणखी थोडे. टोकियो-क्योटोत दिवसाला 15 ते 20 हजार पावले होतात. शिंजुकुसारख्या स्टेशनाला 200 च्या वर दारे आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडले की अर्धा किलोमीटर वळसा. उद्वाहक जवळजवळ सगळीकडे आहे, पण फलाटाच्या एका टोकाला आणि ठरावीक दारापाशीच. नकाशावर ते दार आदल्या रात्रीच शोधून ठेवावे. रस्त्यात बसायला बाक फारसे नाहीत. क्योटोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या शेंदरी कमानींची पूर्ण फेरी म्हणजे 233 मीटरचा डोंगर चढणे, दोन-अडीच तास लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या दाट कमानी पाहून परतावे, छायाचित्रातला भाग तोच आहे. हॉटेलची खोली मुंबईतल्या मधल्या खोलीएवढी, 130 ते 160 चौरस फूट. तिसरा पलंग त्यात मावत नाही, म्हणून ‘तिघांना एक खोली’ असे आश्वासन मिळाले तर हॉटेलचे नाव आणि खोलीचे माप लेखी घ्यावे.

स्वच्छतेची कीर्ती खरी आहे, पण कचरापेटी शोधू नये. 1995 च्या मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. शीतपेयांच्या यंत्राशेजारची भोके फक्त बाटल्या-डब्यांसाठी असतात. शौचालयात पाण्याची फवारणी असते आणि आपल्याला ती सोयीची. कागद कमोडमध्येच टाकायचा असतो. हात पुसायला मात्र अनेक ठिकाणी काहीच नसते, त्यामुळे जपानी माणसाच्या खिशात कायम रुमाल असतो. गाड्या कधी उशिरा येत नाहीत, हीही दंतकथा. टोकियोच्या लोकल अडकतात, आणि तेव्हा स्टेशनावर ‘गाडी उशिरा आली’ असा छापील दाखला मिळतो, तो कचेरीत दाखवतात. असा दाखला लागावा इतके वेळेचे वेड, हे पाहण्यासारखे आहे.

क्योटोबद्दल एकच इशारा. गाडीतून उतरल्यावर लाकडी गल्ल्या दिसत नाहीत, काचेचे आणि पोलादाचे अवाढव्य स्टेशन दिसते. 14 लाख वस्तीचे ते चालते-बोलते शहर आहे. जुने क्योटो त्याच्या कडेने, डोंगरांच्या पायथ्याशी पसरले आहे. गिओन या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना मज्जाव असून 10,000 येन दंडाची पाटी आहे. मायको, म्हणजे शिकाऊ गेइशा, रस्त्याने जाताना दिसली तर ती कामावर निघालेली असते. तिला अडवून छायाचित्र काढू नये. त्यापेक्षा एक दिवस ओकायामाला द्यावा, ओसाकाहून बुलेट ट्रेनने पाऊण तास लागतो. तिथली कोराकुएन बाग जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा नमुना तीच, त्यामुळे पुणेकराला तिथे शिरताच ओळखीचे वळण दिसते.

निघण्याआधीच्या दोन गोष्टींत हयगय नको. जपानचा ई-व्हिसा मिळाला असेल तर विमानतळावर तो इंटरनेट चालू ठेवून फोनवर उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र चालत नाही. पालकांचा व्हिसा मुलाच्या फोनवर असेल आणि मुलगा घरी असेल तर गाडे मुंबईतच अडते. दुसरे औषधांचे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. इन्सुलिनची इंजेक्शनेही तेवढीच. त्याहून जास्त हवीत तर ‘युन्यु काकुनिन-शो’ हा आयात-परवाना आधी काढावा लागतो. सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांपेक्षा जास्त आहे ती आधी परवानगी काढल्याशिवाय नेता येत नाहीत. कोडीनचे खोकल्याचे औषधही घरीच ठेवावे.

आपल्या पर्यटन पुरवणीत जपानच्या जाहिराती छापताना शेजारी एक चौकट द्यावी, अशी विनंती आहे. गेल्या तीन वर्षांतल्या बहराच्या तारखा, रोजची पायपीट, खोलीचे माप, आणि सामान कोण कसे नेणार, एवढे त्यात असले तरी पुरे. कंपन्यांनी हेच पत्रकात छापावे आणि शाकाहारी प्रवाशाला एक कार्ड द्यावे. त्यावर जपानी लिपीत ‘निकु-मो, साकाना-मो, दाशी-मो ताबेरारेमासेन’, म्हणजे मांस, मासा आणि दाशी यांतले काहीही मला चालत नाही, असे असावे. तोंडी सांगण्यापेक्षा ते स्वयंपाकघरात नेऊन दाखवता येते. मागच्या बाजूला त्या रात्रीच्या हॉटेलचा पत्ता, तोही जपानी लिपीत. टॅक्सीवाल्याला हॉटेलचे इंग्रजी नाव कळेलच असे नाही.

आपले नम्र,
जपानी भाषेचे काही शिक्षक व सहल-संयोजक, पुणे